मुंगीचा गुडघा, मास्तरांचा ब्रेक

मुंगीला जिना चढवेना, म्हणून अख्खं घर जिना उतरून खाली राहायला आलं.

वर मास्तरांचं घर आणि खाली मास्तरांचं मोटार ट्रेनिंग स्कूल. इतकी वर्षं मंडळी वर झोपत आणि दिवसा खाली येऊन लोकांना गाडी शिकवत. आता गाद्या, उशा, चहाची भांडी आणि मास्तरांच्या आईंची औषधांची पिशवी असा सगळा संसार कार्यालयात येऊन पडला होता. आईंची खाट नेमकी ‘येथे वाहने उभी करू नयेत’ या पाटीखाली लागली. "एवढं आयुष्य काढलं, पण इतकं स्पष्ट मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं," असं म्हणून आईंनी पाटीकडे पाठ केली आणि त्या झोपल्या.

मुंगी म्हणजे मास्तरांची कुत्री. पिल्लू होती तेव्हा ती मास्तरांच्या बुटात झोपायची. मास्तर बुटात पाय घालायला लागले की आई ओरडायच्या, "अरे थांब, मुंगी आहे आत." तेच नाव पडलं. पुढे मुंगी वाढली, वाढतच गेली, नाव मात्र बुटातच राहिलं. आता ती उभी राहिली की तिची पाठ मास्तरांच्या कमरेला लागे, आणि शिकवणीच्या गाडीत मागच्या सीटवर बसली की गाडीचं नाक वर जाई. नव्या विद्यार्थ्यांना आरशात रस्त्याऐवजी मुंगीचं तोंड दिसे.

"मागून काय येतंय ते बघत चला," मास्तर सांगत.

"कुत्रं येतंय, सर," विद्यार्थी म्हणे. "मगापासून येतंय. मागे पडतच नाही."

या गाडीत मास्तरांच्या पायाशी एक जादा ब्रेक होता. शिकणारा चुकला की शिकवणाऱ्याने तो दाबायचा, अशी पद्धत. मास्तर मात्र तो चुकायच्या आधीच दाबत. आणि त्यांचा उजवा पाय आता गाडीपुरताही राहिला नव्हता. आईंनी कपात काठोकाठ चहा ओतला की टेबलाखाली पाय दाबला जाई. नाटकातला नायक चुकीच्या दाराकडे निघाला की पुढच्या खुर्चीवरच्या माणसाला मागून दणका बसे. स्वतःचं लग्न ठरताना मास्तरांनी इतके ब्रेक लावले होते की शेवटी मास्तरीणबाईच म्हणाल्या होत्या, "आता हो म्हणा, नाहीतर मी इथेच उतरते." तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली होती.

मागच्या सीटवर लहानाची मोठी झाल्यामुळे मुंगीला इतर कुत्र्यांसारखं ‘बस, ऊठ’ काही कळत नसे. तिला गिअर कळत. ‘फर्स्ट’ म्हटलं की ती एकेक पाऊल टाकत चाले, ‘सेकंड’ला जरा लगबगीने, ‘थर्ड’ला दुडक्या चालीने. ‘रिव्हर्स’ म्हटलं की मागे न बघता मागे जाई आणि वाटेतली खुर्ची पाडी. ‘ब्रेक’ म्हटलं की जागच्या जागी थांबे. चौथा गिअर मास्तरांनी तिला शिकवला नव्हता. तो ते कोणत्याच विद्यार्थ्याला नीटसा शिकवत नसत. "गावात चौथ्याचं काम काय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

घात झाला तो तळ्याकाठच्या मैदानावर. मास्तरीणबाईंनी चेंडू जरा जोरात फेकला आणि मुंगी आनंदाच्या भरात न शिकवलेल्या गिअरमध्ये धावत सुटली. मैदानाच्या पार टोकाला एक सायकलवाला शीळ घालत चालला होता. मुंगीचा आणि त्याचा काही संबंध येणार नव्हता. पण मास्तरांना सायकल दिसली, पाय दाबला गेला आणि तोंडातून निघालं, "ब्रेक!"

मुंगीने ऐकलं. एवढा देह, एवढा वेग आणि एवढा आज्ञाधारकपणा, सगळं मागच्या एका गुडघ्यावर येऊन आदळलं. ती केकाटली आणि पाय उचलून उभी राहिली. सायकलवाला शीळ घालत निघून गेला.

तळ्याजवळच जनावरांचा दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मुंगीला कुशीवर झोपवलं, मांडी एका हातात आणि पोटरी दुसऱ्या हातात धरली आणि हलकेच हलवून दाखवली. "हे बघा, खालचं हाड पुढे सरकतंय. हे असं सरकायला नको. आतलं लिगामेंट तुटलंय. छोटं कुत्रं असतं तर विश्रांतीवर भागवलं असतं. हिचं वजन बघता ऑपरेशन करावं असं माझं मत आहे. आणि फार दिवस लावू नका. पाय वाळत जातो, आणि दुसऱ्या गुडघ्यावर सगळा भार येतो."

मास्तरीणबाई मान डोलवत होत्या. मास्तरांचं लक्ष डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्याकडे होतं. हा चेहरा आपण बाजूने पाहिलाय, आरशात नाही, शेजारून, असं त्यांना सारखं वाटत होतं.

"तुम्ही माझ्याकडे शिकायला होतात," ते एकदम म्हणाले.

"होते ना, सर. कॉलेजात असताना."

"पाण्याचा ड्रम..."

"हो सर. तीच मी."

मास्तर उठले आणि सरळ बाहेर आले. मास्तरीणबाई मागोमाग आल्या.

"अहो, असं काय निघून आलात? बाई बोलतायत ना अजून."

"ती ड्रमवाली आहे," मास्तर म्हणाले. "परीक्षेच्या दिवशी मैदानात ड्रम ठेवतात ना, गाडी मागे घेताना त्यावर घातली होती तिने. गाडीतून उतरताना परीक्षकांचे बूट भिजले होते. माझ्या शाळेतून इतक्या थाटात कोणी नापास झालं नाही."

"मग?"

"मग काय मग? जिला ड्रम चुकवता आला नाही, तिच्या हातात मुंगीचा गुडघा द्यायचा?"

"गुडघा एका जागी असतो हो. काय मध्ये येणार आहे?"

"ड्रमसुद्धा एका जागीच होता."

आणि मास्तर ‘विचार करून सांगतो’ असं दाराशी सांगून मोकळे झाले.

माणूस ओळखावा तो क्लचवरून, अशी मास्तरांची पक्की समजूत होती. गावातली निम्मी माणसं त्यांच्या शेजारी बसून गाडी शिकली होती, त्यामुळे ही समजूत त्यांना सगळीकडे आडवी येई. दातांचे डॉक्टर क्लच झटक्यात सोडत, म्हणून मास्तर दाढ दुखली तरी लवंग चावत घरी बसत. न्हावी वळताना कडेला घासून जाई, म्हणून कानाजवळचे केस मास्तर स्वतः कापत आणि ते तसे दिसतही. भाचीला आलेलं एक उत्तम स्थळ त्यांनी ‘मुलगा वळणावर पुढे घुसतो’ म्हणून मोडलं होतं. भाचीने पुढे त्याच्याशीच लग्न केलं, दोघं सुखात आहेत, पण त्याला आता काय करणार?

इकडे मुंगी तीन पायांवर आली होती. चौथ्याची नुसती बोटं टेकवी. जिन्यापाशी ती बसली आणि वर बघत राहिली. मास्तरांनी पुढून आणि मास्तरीणबाईंनी मागून तिला उचलायचा प्रयत्न केला. दोन-तीन पायऱ्या झाल्या असतील नसतील, मुंगीला प्रेमाचं भरतं आलं आणि तिने मास्तरांचा चष्मा चाटून काढला. आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखे चाचपडत तिघंही जिथून निघाले तिथे परत आले. "ती वर येत नाही, तर आपण खाली येऊ," मास्तर म्हणाले, आणि एवढा एकच निर्णय त्यांनी त्या काळात झटकन घेतला.

मास्तरीणबाई खाली पाट्या-सिग्नलचा वर्ग घेत. आता वर्गात एका बाजूला खाटेवर सासूबाई आणि दुसऱ्या बाजूला गादीवर मुंगी, अशा बंदोबस्तात तो चाले.

"सिग्नल पिवळा असेल तर काय करायचं?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

वर्ग विचारात पडला. खाटेवरून आवाज आला, "आमच्या घरात बरेच दिवस तोच लागलाय. आम्ही नुसते बसून आहोत."

मास्तर काही नुसते बसून नव्हते. ते मतं गोळा करत होते. गाडी शिकायला बसलेला माणूस हलू शकत नाही, त्यामुळे मत दिल्याशिवाय त्याची सुटका नसे. दूधवाला म्हणाला, करा. शिंपीण म्हणाली, करू नका, देव बरं करेल. मग पाळी आली निवृत्त न्यायाधीशांची. हे गृहस्थ फार दिवसांपासून शिकत होते आणि कोणालाही आधी जाऊ देत असल्यामुळे चौकाच्या पलीकडे सहसा पोचत नसत.

"साहेब, रस्ता मोकळा आहे. घ्या गाडी."

"ती सायकल येतेय."

"ती खूप लांब आहे अजून."

"असली म्हणून काय झालं? तिचाही हक्क आहे."

सायकल येईपर्यंत मास्तरांनी मुंगीचं प्रकरण काढलं. न्यायाधीशांनी हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "दोन्ही बाजू मांडा." मास्तरांनी मांडल्या. मागे गाड्यांची रांग लागली. हॉर्न वाजायला लागले, एक ट्रकवाला खाली उतरून काचेपाशी आला आणि मागच्या सीटवर मुंगीला पाहून परत गेला. शेवटी न्यायाधीश म्हणाले, "प्रकरण गुंतागुंतीचं आहे. निकाल राखून ठेवतो."

मास्तरांना फार बरं वाटलं. एवढा मोठा माणूसही आपल्यासारखाच अडकला, म्हणजे आपण काही चुकत नाही आहोत.

पण घरी आल्यावर हे बरं वाटणं टिकलं नाही. आईंच्या खाटेखालून जुना चेंडू घरंगळत बाहेर आला आणि मुंगीच्या पंजापाशी येऊन थांबला. एरवी चेंडूचा नुसता आवाज आला तरी मुंगी टेबल पाडायची. आज तिने चेंडूकडे पाहिलं, मग मास्तरांकडे पाहिलं आणि हनुवटी जमिनीला टेकवली. 

मास्तरीणबाईही बघत होत्या. "इकडे या," त्या म्हणाल्या. "ही मांडी धरून बघा. आता ही बघा."

मास्तरांनी बघितलं. दुखऱ्या पायाची मांडी चांगलीच बारीक झाली होती.

"चेंडू मी टाकला आणि ब्रेक तुम्ही लावलात," मास्तरीणबाई म्हणाल्या. "माझ्या डोक्यातून ते जात नाही. तुमच्या जातं का?"

"नाही जात."

"मग आणखी किती जणांना विचारणार आहात? माझं कधीच ठरलंय. पण ऑपरेशननंतर तिला आवरायचं तुम्हाला आहे, ती ऐकते ते तुमचं. म्हणून हो तुमच्या तोंडून यायला हवं. मी ढकलून काढलेलं चालणार नाही."

"मला फक्त एका चांगल्या डॉक्टरांना दाखवू दे," मास्तर म्हणाले. "मग शेवटचं सांगतो."

चांगले डॉक्टर गावाच्या दुसऱ्या टोकाला होते. मास्तर मुद्दाम दवाखाना उघडायच्या आधी जाऊन समोर उभे राहिले. डॉक्टर आले. दोन गाड्यांच्या मध्ये जेमतेम जागा होती. डॉक्टरांनी एकदाच मागे पाहिलं आणि गाडी एका दमात आत घातली. ना धक्का, ना पुढे-मागे, ना इंजिनाचा आवाज. मास्तरांचे डोळे भरून आले. "याला म्हणतात हात," ते मास्तरीणबाईंना म्हणाले. "आपलं काम झालं."

डॉक्टरांनी मुंगीला तपासलं. "लिगामेंट पार गेलंय. ऑपरेशन करून टाका."

"कधी करता?" मास्तरांनी विचारलं. त्यांचा पाय अगदी शांत होता.

"मी? छे. मी गुडघ्यांचं करत नाही. तळ्याजवळच्या बाईंकडे जा. आमच्याकडचे सगळे गुडघे त्यांच्याकडेच जातात."

"पण त्या..." मास्तर अडखळले. "त्यांना गाडी मागे घेता येत नाही."

"कोणती गाडी?"

"काही नाही हो, त्यांचं आपलं असंच असतं," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"माझ्या स्वतःच्या कुत्र्याचा गुडघा त्यांनीच केलाय," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी मागचं दार उघडून शीळ घातली. अंगणाच्या पलीकडच्या कुंपणापासून एक अगडबंब कुत्रा असा सुसाट आला की मास्तरांनी जागच्या जागी दोनदा ब्रेक दाबला. कुत्रा डॉक्टरांच्या पायाशी येऊन थांबला. कोणत्या पायाचं ऑपरेशन झालं होतं, ते मास्तरांना कितीही बघून ओळखता आलं नाही.

तिथून गाडी सरळ तळ्याकडे निघाली. वाटेत मास्तरीणबाई एक शब्द बोलल्या नाहीत. न बोलण्याचं त्यांना पुरतं सुख मिळत होतं.

डॉक्टरीणबाईंसमोर बसल्यावर मास्तरांनी दोनदा घसा साफ केला. "डॉक्टर, एक विचारू का? राग मानू नका. तुम्ही सध्या गाडी कशी चालवता?"

मास्तरीणबाईंनी कपाळाला हात लावला.

"चालवतच नाही, सर," बाई म्हणाल्या. "त्या परीक्षेनंतर स्टिअरिंगला हात लावला नाही. रोज चालत येते."

"ड्रममुळे ना?"

"ड्रममुळे नाही. तुमच्यामुळे."

"माझ्यामुळे?"

"तुमच्या शेजारी बसून मी एवढी गाडी चालवली, पण मला एकदाही ब्रेक दाबावा लागला नाही. माझा पाय उचलायच्या आधी तुमचा पडलेला असायचा. परीक्षेच्या दिवशी शेजारी परीक्षक. आरशात ड्रम दिसला. मी वाट बघितली, आता कोणीतरी दाबेल, आता दाबेल. कोणीच दाबला नाही."

 मास्तरीणबाईंनी मुंगीकडे पाहिलं. मुंगी बिस्किटांच्या बरणीकडे बघत होती.

"इतकी वर्षं मी तुम्हालाच हसतोय," मास्तर हळू आवाजात म्हणाले.

"मलाही तेव्हा राग आला होता. पण त्यातून एक शिकले. जे येत नाही त्याला हात लावायचा नाही. आणि जे करायचं, ते स्वतःच्या हाताने येईपर्यंत सोडायचं नाही. गुडघे शिकले तेव्हा आमचे सर शेजारीच उभे असायचे, पण हात पाठीमागे बांधून. घाम त्यांनाही फुटायचा. हात मात्र सोडायचे नाहीत."

मास्तरांनी स्वतःच्या उजव्या बुटाकडे पाहिलं. मग म्हणाले, "नेमकं काय करणार तुम्ही? तुटलेलं जोडणार?"

"तुम्हाला पटकन कळेल. समजा गाडी उतारावर उभी आहे आणि हँडब्रेकची तार तुटली. काय होईल?"

"घरंगळेल."

"हिच्या पोटरीच्या हाडाचा माथा असाच उतरता आहे. ते लिगामेंट म्हणजे ती तार. एवढ्या वजनाला नवी तार किती दिवस टिकणार? म्हणून आम्ही तारेच्या मागे लागत नाही. हाड वरून कापायचं, थोडं फिरवायचं, पट्टी आणि स्क्रूने बसवायचं. उतारच सपाट केला की गाडी घरंगळायचं कारण नाही."

मास्तरांनी समोरच्या बाईंकडे नव्याने पाहिलं. उतारावर गाडी सुरू करताना हिची तीनदा बंद पडायची, हे त्यांना आठवलं, आणि आज हिने उतारच काढून टाकायचं ठरवलंय, हेही कळलं.

"पुन्हा पळेल?"

"पळेल. पण आधी कित्येक आठवडे सावकाश चालवावं लागेल, तेही दोरीला धरून. मोठ्या कुत्र्यांचा घोटाळा होतो तो इथेच. ऑपरेशन छान होतं, आणि बरं वाटायला लागल्याबरोबर मांजर दिसतं."

"आमच्याकडे तसं होणार नाही," मास्तर म्हणाले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांची पाठ ताठ झाली. "मुंगी. फर्स्ट."

मुंगी उठली आणि लंगडत का होईना, एकेक पाऊल मोजून टाकत खोलीच्या दारापर्यंत गेली. दारात दवाखान्याची मांजर बसली होती. मुंगीने तिच्याकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं आणि गिअर बदलला नाही. डॉक्टरीणबाई खुर्चीतून अर्धवट उठून बघत राहिल्या.

"करा," मास्तर म्हणाले.

"काय म्हणालात?" मास्तरीणबाईंनी विचारलं. कानांवर विश्वास नव्हता म्हणून नव्हे, त्यांना ते पुन्हा ऐकायचं होतं.

"करा म्हटलं. ऑपरेशन. इंडिकेटर दिलाय मी, आता मागून कोणी हॉर्न वाजवू नका."

ऑपरेशनच्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसून मास्तरांनी इतके ब्रेक लावले की पायाखालची सतरंजी गोळा होत होत भिंतीला जाऊन लागली. एक बाई येऊन ती गुंडाळून घेऊन गेली. मग ते नुसत्या फरशीवर दाबत राहिले. मास्तरीणबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. शेवटी आतलं दार उघडलं आणि डॉक्टरीणबाई टोपी काढत बाहेर आल्या. "झालं, सर. पट्टी सुरेख बसलीय." तेव्हा कुठे मास्तरांचा पाय वर आला, आणि तो इतका आखडला होता की मुंगीला बघायला ते स्वतः लंगडत गेले.

पुढचे आठवडे गावाने पाहिले. गळ्यात प्लास्टिकचं भलंमोठं नरसाळं घातलेली मुंगी पुढे आणि दोरी धरून मास्तर मागे, अशी वरात रोज गल्लीतून निघे. "फर्स्ट... फर्स्टच... कुठे निघालीस, फर्स्ट." मांजरी आल्या, चेंडू आले, एकदा तर कसायाच्या दुकानातून हाड उडून रस्त्यावर पडलं. मुंगी पहिल्या गिअरमध्ये त्याच्या शेजारून गेली. नरसाळं तेवढं तिने किंचित तिकडे वळवलं. ‘एवढ्या शिस्तीत बरं होणारं जनावर मी पाहिलं नाही,’ असं डॉक्टरीणबाई एक्स-रे बघून म्हणाल्या, तेव्हा मास्तरांनी हे वाक्य गल्लीत घरोघर पोचवलं. संसार पुन्हा जिना चढून वर गेला. आई तेवढ्या खालीच राहिल्या. त्यांना वर्गाची गोडी लागली होती.

मग एका सकाळी सगळे तळ्याकाठच्या मैदानावर जमले. आई घडीच्या खुर्चीत, हातात थर्मासचा पेला. मास्तरीणबाईंच्या हातात चेंडू. डॉक्टरीणबाई चालतच आल्या होत्या.

"सोडा, सर," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी दोरी सोडली. "थर्ड," ते म्हणाले. मुंगी दुडक्या चालीने निघाली. चारही पाय सारखे पडत होते. मास्तरीणबाईंनी चेंडू फेकला आणि तो लांब गेला. मुंगी थांबली, वळली आणि मास्तरांकडे बघत राहिली. हुकूम आल्याशिवाय धावायचं नाही, हे ती आता पुरतं शिकली होती.

"चौथा टाका ना, सर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तिला चौथा माहीतच नाही. मी शिकवलाच नाही कधी."

"मग आता शिकवा."

मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं, चष्मा सांभाळला आणि धावायला सुरुवात केली. ते शेवटचे कधी धावले होते, ते आईंनाही आठवेना. पोट एका तालात आणि पाय दुसऱ्या तालात, पण ते धावत होते आणि धापा टाकत ओरडत होते, "चौथा! मुंगी, चौथा!" मुंगीने क्षणभर डोकं वाकडं करून हा प्रकार पाहिला. मग तिला कळलं. ती मास्तरांच्या शेजारून गेली ती त्यांची टोपी उडवून गेली. माती उडत होती, कान मागे गेले होते आणि तो पाय कुठला, हे आता तिलाही सांगता आलं नसतं.

मास्तर थांबले. आणि मग त्यांना दिसलं की चेंडू आईंच्या खुर्चीमागे पडलाय, आणि मुंगी सरळ आईंच्या दिशेने निघालीय.

मास्तरीणबाईंनी डोळे मिटले. डॉक्टरीणबाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांचं तोंड उघडलं. तो शब्द जिभेवर आला होता, सगळ्यांना दिसत होता. त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.

खुर्ची जवळ आली तशी मुंगीने आपल्या आपण वेग कमी केला, अंग झुकवलं, खुर्चीला सफाईदार वळसा घातला आणि चेंडू उचलला. पेल्यातला चहासुद्धा सांडला नाही.

"हिला वळताना इंडिकेटर द्यायला शिकव रे," आई म्हणाल्या आणि त्यांनी चहाचा घोट घेतला.

मास्तर रडत होते आणि हसत होते, दोन्ही उघड. मुंगीने चेंडू आणून त्यांच्या पायाशी टाकला. डॉक्टरीणबाईंनी वाकून पाहिलं. मास्तरांचा उजवा पाय ओल्या मातीत घोट्यापर्यंत रुतला होता.

"पाय गेला," मास्तर ओशाळून म्हणाले. "पण तोंडातून काही निघालं नाही हं."

"पास," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात त्या चालत आल्या त्या दवाखान्यात न जाता मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये आल्या आणि गाडीत स्टिअरिंगमागे बसल्या. मुंगी मागच्या सीटवर. मास्तरांनी बूट काढून अंगणात नीट जोडीने ठेवले, शेजारच्या सीटवर कशीबशी मांडी घातली आणि हात पाठीमागे बांधले. आईंची खाट खिडकीशी सरकवण्यात आली.

उतारावर गाडी एका दमात सुरू झाली. वळण छान झालं. मग अंगणात गाडी मागे घ्यायची वेळ आली. अंगणात पाण्याचा ड्रम होता. गाडी मागे जात राहिली, मास्तरांच्या कपाळावर घाम आला, हात पाठीमागे एकमेकांना गच्च धरून बसले, आणि ड्रम आडवा झाला. पाणी अंगणभर पसरत मास्तरांच्या बुटांत शिरलं. मग गाडी थांबली.

"सर, ब्रेक उशिरा लागला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पण लावला कोणी?"

"मी."

"मग झालं तर," मास्तर म्हणाले. "उद्या चौथा घेऊ."

त्यांनी मुंगीसाठी मागचं दार उघडलं. ती उतरली, ओल्या बुटांपाशी गेली, त्यातला एक हुंगला. कधीकाळी याच्यासारख्याच एका बुटात ती मावायची. तिने तो तोंडात धरला आणि फाटकातून बाहेर, गल्लीतून थेट तळ्याच्या दिशेने धूम ठोकली. मास्तर अनवाणी फाटकात उभे राहिले आणि ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. हाक मात्र त्यांनी मारली नाही.